बोलणे मराठीत, कागद इंग्रजीत

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की काही ठरावीक गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीची नोटीस, बसवरची पाटी, मुलांच्या शाळेचे माध्यम. या सर्वांसाठी आपण निवेदने दिली, मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या चढलो. आणि ते योग्यच होते. परंतु एक कागद असा आहे, की जो आज बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत घरोघरी पत्र्याच्या पेटीत नाहीतर देवघराच्या फळीवर घडी घालून ठेवलेला असतो आणि ज्याच्या भाषेविषयी आपण क्वचितच ब्र काढतो. तो कागद म्हणजे कर्जाचा. आमच्या मते तोही भाषेचाच प्रश्न आहे आणि पोटाशी जास्त जवळचा आहे.

कर्ज देणारा दारात येतो तेव्हा तो चांगल्या मराठीत बोलतो. ‘वहिनी, इथे सही करा, काही नाही, नुसती फॉर्मॅलिटी आहे,’ असे म्हणतो. व्याज किती म्हणून विचारले तर ‘आठवड्याला इतके भरायचे, बास’ असे सांगून मोकळा होतो. शेजारच्या बाईला ‘तुम्ही फक्त साक्षीदार’ म्हणून तिचीही सही घेतो. पुढ्यातला कागद मात्र इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलेला असतो. त्या कागदात शेजारची बाई साक्षीदार नसते, जामीनदार असते. साक्षीदार आणि जामीनदार या दोन शब्दांत एका घराचे दिवाळे निघण्याइतके अंतर आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते.

आता तंटा उभा राहिला म्हणजे काय होते? बोललेले मराठी हवेत विरते आणि छापलेला इंग्रजी कागद तेवढा शिल्लक राहतो. करार लेखी असेल तर त्याच्या अटी फिरवण्यासाठी तोंडी बोलण्याचा पुरावा सहसा घेतला जात नाही. हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते आहे. फसवणूक झाली असेल तर दाद मागता येते, नाही असे नाही. पण ती सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्याच्याच डोक्यावर. ज्या बाईने आठवड्याचा हप्ता जमवण्यासाठी विडीचा एक गठ्ठा जास्त वळला, तिने वकील कोठून उभा करावा?

सुप्याची होळी आणि दामदुप्पट

हा अनुभव मराठी मुलखाला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. इतिहासात ते ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदले गेले. त्या उठावात लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. तो होता कर्जखतांवर आणि वह्यांवर. खते हिसकावून घ्यायची आणि जाळायची, हाच बहुतेक ठिकाणचा प्रकार. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण ज्यातले अक्षर आपल्याला लागत नाही, तो कागदच आपला वैरी आहे, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी नेमके ओळखले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातील एक तरतूद आजही ध्यानात घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या निबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेले असल्याशिवाय कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले. पैसे भरल्याची लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्कही कर्जदाराला दिला. म्हणजे इंग्रजांच्या राज्यातसुद्धा हे मान्य झाले होते की, ज्याने लिहिले आणि ज्याने अंगठा उठवला, त्या दोघांना कागद सारखा कळत नसेल तर तो व्यवहार सरळ नव्हे.

त्याहूनही जुना असा आपल्या हिंदू कायद्यातला नियम म्हणजे दामदुप्पट. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, असा तो नियम. मुंबई इलाख्यातील कोर्टांनी तो उचलून धरला होता आणि बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडेच होता. आज ‘दामदुप्पट’ हा शब्द कोठे दिसतो ते पाहा. अमुक महिन्यांत पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यांच्या पत्रकांवर! जो शब्द ऋणकोची ढाल होता, तो भामट्यांची जाहिरात होऊन बसला. भाषेकडे दुर्लक्ष केले म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

‘कर्जदाराला समजणारी भाषा’

आता आजच्या नियमांकडे वळू. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी सूक्ष्म कर्जांसाठी, म्हणजे ज्याला आपण ‘गटाचे कर्ज’ किंवा ‘फायनान्सवाल्यांचे कर्ज’ म्हणतो त्यासाठी, नियम घालून दिले. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला तारण न घेता दिलेले कर्ज ते सूक्ष्म कर्ज. या कर्जाचा करारनामा आणि कर्जदाराच्या हाती द्यावयाचे लोन कार्ड, दोन्ही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असली पाहिजेत, असे त्या नियमांत सांगितले आहे. कार्डावर व्याजाचा व आकारांचा सोपा तक्ता, अटी, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच आणि तक्रार कोणाकडे करावी त्या अधिकाऱ्याचा तपशील असला पाहिजे.

पुढे १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने हीच गोष्ट घरगुती व लहान उद्योगांच्या मुदती कर्जांनाही लागू झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जाबरोबर महत्त्वाच्या अटींचा एक तक्ता, बँकवाल्यांच्या बोलीत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, द्यावा लागतो. तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. शिवाय तो नुसता देऊन भागत नाही. तो समजावून सांगायचा आणि समजल्याची पोच घ्यायची. त्या तक्त्यात नसलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे लावता येत नाही.

या नियमातील शब्द आमच्या वाचकांनी नीट पाहावेत. तेथे ‘राज्यभाषा’ असे म्हटलेले नाही. ‘प्रादेशिक भाषा’ एवढ्यावरही थांबलेले नाही. ‘कर्जदाराला समजणारी भाषा’ असे म्हटले आहे. सरकारी नोटिसा मराठीत मिळाव्यात म्हणून आपण भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या तरतुदींवर बोट ठेवतो. तेथे तालुक्यात अल्पसंख्याकांचे प्रमाण किमान १५ टक्के आहे की नाही, हा प्रश्न येतो. मग जनगणनेचे आकडे निघतात आणि वर्षे सरतात. कर्जाच्या कागदाला अशी टक्केवारी लागत नाही. गावात एकच मराठी कर्जदार असला तरी पुरे. त्याला मराठी समजते आणि इंग्रजी समजत नाही, एवढ्यावर त्याचा हक्क उभा राहतो. यासाठी कोणाच्या सत्तेशी झगडावे लागत नाही, सीमेचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही. फक्त सही करण्याआधी मागावे लागते.

आणि नेमके तेच आपण करत नाही.

टक्का कोणता आणि कशाचा?

समजणारी भाषा म्हणजे केवळ लिपी नव्हे. आकड्यांचीही एक भाषा असते आणि फसवणूक बहुधा तिच्यातच होते. समजा, खानापूर तालुक्यातील एका भगिनीने शिवणयंत्रासाठी ६०,००० रुपये घेतले. ‘व्याज फक्त १२ टक्के’ असे तिला सांगितले गेले. मुदत दोन वर्षे. हिशेब असा मांडला की वर्षाला ७,२०० याप्रमाणे दोन वर्षांचे १४,४००, एकूण ७४,४००, म्हणजे २४ महिन्यांचा हप्ता ३,१०० रुपये. वरकरणी हे सरळ दिसते. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत चाललेले असते. वर्षभराने निम्म्याच्या आसपास मुद्दल परत गेले, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण ६०,००० वरच चालू! फिरत्या शिलकेवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला २१ टक्क्यांच्या वर, जवळपास साडेएकवीस टक्के निघतो. त्यातच सुरुवातीला प्रोसेसिंग फी आणि विम्याच्या नावाने १,८०० रुपये कापून ५८,२०० च हातात दिले, तर तो पंचवीस टक्क्यांच्या घरात जातो. बारा म्हणायचे आणि पंचवीस घ्यायचे, हा चमत्कार यात खोटा आकडा एकही न सांगता साधतो.

म्हणून त्या तक्त्यात वार्षिक टक्केवारीचा एकच खरा दर, सर्व आकार धरून, लिहिणे बंधनकारक केले आहे. इंग्रजीत त्याला ‘एपीआर’ म्हणतात. कर्ज घेणाऱ्याने तोंडी सांगितलेला दर विसरावा आणि या एका आकड्यावर बोट ठेवावे. दोन ठिकाणची कर्जे ताडून पाहायची तर हाच आकडा ताडावा.

खासगी सावकाराची बोली आणखी निराळी. ‘शेकडा दहा’ म्हटले की ऐकणाऱ्याला दहा टक्के वाटते. पण ते दरमहा असते. वर्षाचे १२० टक्के झाले. तेथे कागद बहुधा कोराच असतो, नाहीतर सही केलेला कोरा चेक. कर्नाटकात सावकारीसाठी १९६१ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि भरमसाट व्याजाविरुद्ध २००४ चा स्वतंत्र कायदा आहे. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला आधी परवाना विचारावा. त्या प्रश्नानेच निम्मे काम होते.

वसुलीची भाषा

कर्ज देताना जी भाषा गोड होती, ती हप्ता चुकला की कशी पालटते हे आम्ही वेगळे सांगायला नको. दारात बसून राहणे, शेजाऱ्यांसमोर अपशब्द, गटातल्या इतर बायकांना तिच्या अंगावर घालणे, मुलाच्या शाळेचे नाव काढणे. यातले काहीही कायदेशीर नाही. सूक्ष्म कर्जाच्या नियमांप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना व सोबत काम करणाऱ्यांना त्रास, कर्जदाराचे नाव जाहीर करणे, न भरल्यास काय होईल याविषयी खोटी भीती घालणे, हे सारे निषिद्ध आहे. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायची. त्या जागी कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आला नाही, तरच घरी येता येते. उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच लावायचा, सगळ्या कर्जावर नव्हे. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. आणि कर्जासोबत विमा किंवा एखादी वस्तू गळ्यात मारता येत नाही.

मोबाईलवरील कर्जांसाठी २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम केले. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील नावांच्या यादीला व फोटोंना हात लावायचा नाही आणि पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जमा करायचे. ‘यादी उघडायला परवानगी द्या’ असे जे ॲप म्हणते, ते उद्या तुमच्या सोयऱ्यांना फोन करण्याची तयारी करत आहे असे समजावे.

कर्नाटक सरकारनेही वसुलीच्या जाचापायी झालेल्या आत्महत्यांनंतर १२ फेब्रुवारी २०२५ रोजी अध्यादेश काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला. जुलमी वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचा रोख नोंदणी न केलेल्या सावकारांवर व कंपन्यांवर आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका व कंपन्यांना वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे नियम लागू राहतात. आपल्या दारात आलेला माणूस यांपैकी कोणाचा, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

आपल्याच माणसांना दोन शब्द

येथे आम्हांला आपल्याच माणसांविषयीही बोलले पाहिजे. इंग्रजी फॉर्म पुढे करणारा नेहमी परकाच असतो असे नाही. संचालक मंडळावर सगळे मराठी, पाटी मराठी, वार्षिक सभेतील भाषणे मराठी, आणि कर्जाचा अर्ज मात्र इंग्रजी, असाही प्रकार आपल्या सहकारात आढळतो. मोर्चात मराठीसाठी घसा कोरडा करणाऱ्या संचालकाने आपल्या संस्थेच्या कर्जखताची भाषा एकदा तपासावी. सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार निबंधकांच्या कक्षेत येतात, ही पळवाट होऊ नये. नियमाने बांधले नसले तरी सभासदाला त्याच्या भाषेत अटी सांगण्यास कोणी हात धरलेला नाही.

आणि हेही तितकेच स्पष्टपणे लिहितो की, आम्ही हे कन्नडच्या विरोधात मागत नाही. पलीकडे जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यासमोर कोणी मराठी कर्जखत ठेवून ‘इथे सही करा’ म्हणत असेल, तर तो त्यांच्यावर तितकाच अन्याय आहे आणि हाच नियम त्यांच्याही बाजूने उभा आहे. येथे भांडण दोन भाषांचे नाही. ज्याला कागद कळतो तो आणि ज्याला कळत नाही तो, यांच्यातले आहे.

दाद कोठे मागावी

तक्रार प्रथम त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या लोकपाल व्यवस्थेत चंडीगड येथील केंद्रात टपालाने कोणत्याही भाषेत तक्रार स्वीकारण्याची सोय केली गेली. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळण्याची तजवीज झाली. म्हणजे तक्रार मराठीत लिहिली म्हणून ती परत येण्याचे कारण नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा अन्य सरकारी अधिकाऱ्याकडे जायचे असेल तर संविधानाचे ३५० वे कलम आहेच. संघराज्यात अथवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क ते देते. धमकी किंवा मारहाण झाली तर थेट पोलीस ठाणे. आणि वकिलाची गरज पडली तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

पण दाद मागण्याची वेळ येऊ नये हे अधिक बरे. आमच्या गावोगावच्या महिला मंडळांना, वाचनालयांना आणि तरुण मंडळांना एक विनंती आहे. गणेशोत्सव, शिवजयंती आपण करतोच. आठवड्यातून एक संध्याकाळ कर्जाचे कागद वाचण्यासाठी ठेवा. गावात बारावी झालेली, बी.कॉम. झालेली पोरे-पोरी आहेत. कोणी सही करण्याआधी तो कागद त्यांनी मोठ्याने, मराठीत वाचून दाखवावा. पाच प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय सही नाही, असा गावाचा दंडक करावा: देणारा कोण आणि कोणाकडे नोंदलेला, हातात किती येणार, सर्व मिळून परत किती जाणार, वार्षिक खरा दर काय, आणि माझी सही कर्जदार म्हणून आहे, जामीनदार म्हणून की साक्षीदार म्हणून?

‘आजच सही करा, उद्या स्कीम बंद’ असे कोणी म्हणाले तर त्याला सांगावे की, सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी तक्त्यातील अटी किमान तीन कामाचे दिवस कायम ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तेवढा वेळ घरात विचार करायला पुरतो. तीन दिवस थांबायला जो तयार नाही आणि मराठीत लिहून द्यायलाही जो तयार नाही, त्याचे कर्ज न घेतलेले बरे.